क्रू कॅबवाल्या काकांना, त्या रविवारसाठी

काका नमस्कार,

ओळखलंत ना? मी ती नागपूरची, कॅबमध्ये बसल्या बसल्या हिल्स काढून चप्पल घालणारी. त्या रविवारी तुम्ही आमच्या विमानाच्या अख्ख्या क्रूला मुंबई दाखवलीत, तीपण स्वतःची सुट्टी घालवून, आणि पैशांचं नाव काढलं तर सरळ चिडलात, म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहितेय, काय चिडायचं ते चिडा.

आमचं लेओव्हर, म्हणजे दोन फ्लाइटमधला मुक्काम, कसं असतं ते तुमच्याइतकं कुणाला माहितीये. सहारला उतरा, हॉटेल, पडदे ओढून झोप, उठून मेकअप, परत तुमची गाडी. कधी बाहेर पडलोच तर जवळचा मॉल. म्हणजे मुंबईला सारखं येऊनही मी मुंबई बघितलीच नव्हती, आणि हे मराठी मुलीने सांगायचं म्हणजे जरा लाजच वाटते.

मला वाटलेलं तुम्ही पण टूरवाल्यांसारखं हे बघा ते बघा करत पळवणार. तुम्ही सकाळी हॉटेलच्या गेटवर आलात आणि पहिलंच वाक्य काय, तर आज रविवार आहे, लोकलचा ब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) सुरू व्हायच्या आत चर्चगेट गाठायचं आणि दुपारी सगळ्यांनी झोपायचं, रात्री पिकअप आहे. फर्स्ट ऑफिसर तर म्हणाला, हे आपल्या शेड्युलिंगवाल्यांपेक्षा जास्त काळजी करतात!

लोकल पार्ल्याच्या पुढे गेल्यावर तुम्ही पश्चिमेकडे हात केलात आणि म्हणालात त्या बाजूला जुहूचा विमानतळ, जेआरडी टाटा तिथेच उतरले होते. कॅप्टन सर एकदम जागे झाले की हो. 15 ऑक्टोबर 1932, कराचीहून अहमदाबादमार्गे पुस मॉथ विमानातून टपाल घेऊन, तुम्ही तारखेसकट सांगितलंत, मग सरांनी पुढचं जोडलं की तिथून तेच टपाल नेव्हिल व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. खिडकीतून दिसत काहीच नव्हतं, नुसत्या बिल्डिंगी, पण आम्ही सगळे माना वाकड्या करून बघतोय.

आणि मग तुमचा तो खेळ. चर्चगेटला उतरल्यावर समोरच्या पश्चिम रेल्वेच्या हेड ऑफिससमोर उभं केलंत, निळसर करडा दगड, त्यावर पांढरे पट्टे, वर घुमट, आणि म्हणालात हे नीट डोक्यात ठेवा, पुढे परीक्षा आहे. मग ओव्हल, एका बाजूला राजाबाई टॉवर नि हायकोर्ट, दुसऱ्या बाजूला 1930 च्या जमान्यातल्या त्या गोलाकार बाल्कन्यांच्या बिल्डिंगी, मधे एकाच मैदानात इतक्या मॅचेस की कुठला फिल्डर कुणाचा ते देवालाच ठाऊक. हुतात्मा चौकात तुम्ही गुवाहाटीच्या पोरीला 21 नोव्हेंबर 1955 चा गोळीबार सांगितलात, आपल्या मुंबईच्या हिंदीत, तिला सगळं कळलं. मग डी. एन. रोडच्या कमानींखालून चालत सीएसएमटी.

तिथे किती वेळ उभे होतो आपण! गेटच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ, घुमटावर ती बाई, एका हातात मशाल नि दुसऱ्या हातात चाक. ते कोरीवकाम जेजे स्कूलच्या पोरांनी केलंय म्हटल्यावर सगळ्यांचे मोबाईल झूम. मग तुम्ही आम्हाला वळवून महापालिकेची बिल्डिंग दाखवलीत आणि विचारलंत, सकाळपासून या तिन्हीत काय सारखं दिसलं? कुणालाच येईना. तिन्ही एकाच आर्किटेक्टच्या, फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या. सीएसएमटीचं काम 1878 ला सुरू, पालिकेची 1893 ला पूर्ण, चर्चगेटची 1899 ला, आणि पुढच्याच वर्षी माणूस गेला. खरं सांगू, मी परदेशात पैसे भरून गाइडेड टूर केल्यात, हातात ते हेडफोन वगैरे देतात, संध्याकाळपर्यंत एक नाव आठवत नाही. स्टीव्हन्स मात्र आता विसरणं शक्य नाही. तुम्ही कमी दाखवलंत काका, मला त्याचंच जास्त कौतुक वाटतंय. माहिती असलेल्या माणसाला गप्प बसणं जमत नाही, आमच्या घरी बाबांना विचारा!

गेटवेला तर तुम्ही नेलंच नाहीत. सर दोनदा म्हणाले, तुम्ही म्हणालात रविवारी तिथे माणसांची डोकी सोडून काही दिसणार नाही, त्यापेक्षा पोटाला घाला. सर जरा रुसले होते पण गिरगावात मिसळ आल्यावर रुसवा गेला. (नागपूरकर म्हणून सांगते, तुमची मिसळ गोडच होती, सॉरी. पियूष मात्र खतरनाक.) आणि तिथून तुम्ही बोटाने नुसतं लांबून दाखवलंत, त्या गल्लीत आमची चाळ, आणि लगेच घड्याळ बघून म्हणालात, चला चर्नी रोड. मला खरं तर ती चाळ बघायची होती, पण तुमचा चेहरा बघून विचारलं नाही.

दुपारी सगळे मेल्यासारखे झोपलो आणि रात्रीच्या फ्लाइटला इतका फ्रेश क्रू बऱ्याच महिन्यांनी झाला असेल. टेकऑफनंतर गॅलीत विषय एकच, स्टीव्हन्स.

मनापासून थँक्यू काका, काकूंनाही, त्यांचा रविवार आम्ही खाल्ला. पुढच्या रोस्टरला परत मुंबई आलीये आणि तीही मधल्या वारी, सर आत्तापासून गेटवे गेटवे करतायत. तुमची ड्युटी कधी आहे ते तेवढं कळवा, आणि यावेळी मिसळीचं बिल सर देणार, ठरलंय.