लेप्टोची गोळी पदपथापर्यंत न्या

साचलेल्या पाण्यातून चालणाऱ्यांनी ७२ तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) या आजाराचे प्रतिबंधक औषध घ्यावे, हे मुंबई महापालिकेचे आवाहन वाचले. सल्ला योग्यच, पण सर्वाधिक गरज असलेल्यांपर्यंत तो पोहोचत नाही. उंदराच्या मूत्रातील लेप्टोचे जंतू पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतात. पदपथावर झोपणारे, अनवाणी हातगाडी ओढणारे, गटारात उतरणारे कंत्राटी कामगार पावसाळाभर याच पाण्यात असतात. मजुरी बुडवून ते दवाखान्याच्या रांगेत कसे उभे राहणार? ताप, पोटऱ्यांचे दुखणे अंगावर काढतात आणि मूत्रपिंडे निकामी होण्याची वेळ येते. २६ जुलै २००५च्या पुरानंतरचा उद्रेक मुंबईने पाहिला आहे. पाणी ओसरताच आरोग्य पथकांनी रात्री पुलांखाली, पदपथांवर जाऊन तपासणी करावी, औषध तिथेच द्यावे. ही माणसे त्या वेळी तरी जागेवर भेटतात.

– एक वाचक, कुर्ला