सही मॅडमची, फोन ‘साहेबां’ना

मा. संपादक,

15 जानेवारी 2026 रोजी राज्यातील 29 महापालिकांसाठी मतदान झाले. पुण्यात 165 पैकी 83 जागा महिलांसाठी राखीव होत्या. 2011 पासून कायद्यानेच निम्म्या जागा मिळत असल्यामुळे सभागृहात स्त्रिया किती, हा वाद मिटला आहे. प्रभागातली फाइल कोणाच्या शब्दावर हलते, हे मात्र कोणी विचारत नाही.

गल्लीतली ड्रेनेज लाइन बदलायची तर नगरसेविकेच्या लेटरहेडवर क्षेत्रीय कार्यालयात पत्र जाते, कनिष्ठ अभियंता जागेवर मोजमापे घेतो, पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज) होते, तरतूद पाहून निविदा निघते. तिची सही लागते ती पहिल्या कागदावर. कोणती गल्ली आधी, चेंबर कुठे, ठेकेदाराने काम कधी उरकायचे, हे सगळे तोंडी ठरते आणि तिथे ‘साहेब’, म्हणजे पती, दीर किंवा मुलगा, उभे असतात. अभियंत्यालाही ते सोयीचे पडते. एकदा सवयीचा झालेला नंबर तो सहसा बदलत नाही. कोऱ्या लेटरहेडवर आगाऊ सह्या घेऊन ठेवण्याचा प्रकार यातूनच येतो. (प्रतिक्रियेसाठी आपले वार्ताहर नक्की कोणाला फोन लावतात, हेही एकदा तपासावे.)

समित्यांची तऱ्हा वेगळी नाही. पैशाचे महत्त्वाचे निर्णय घेणाऱ्या स्थायी समितीत 16 सदस्य असतात. पक्षांच्या संख्याबळानुसार नावे जातात, पण त्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात असे बंधन नाही. महिला व बालकल्याण समिती मात्र ‘ही तुमचीच’ म्हणून आग्रहाने दिली जाते. शिलाई यंत्रे वाटावीत, हरकत नाही. पण पदपथाची रुंदी, पथदिवे, स्वच्छतागृहातले पाणी यांचा पैसा दुसऱ्याच खात्यांत असतो आणि बायकांचे रोजचे हाल तिथेच ठरतात.

खरी गोम आरक्षणाच्या सोडतीत आहे; कोणती जागा महिलांसाठी राखीव, हे चिठ्ठी काढून ठरते. सर्वसाधारण जागेवर स्त्री लढू शकते, तरी पक्ष ती जागा पुरुषांची धरतात. प्रभाग सांभाळणाऱ्या बाईला ‘आता वॉर्ड ओपन झाला’ म्हणून थांबवले जाते. ती पाच वर्षांपुरतीच, हे गृहीत धरल्यावर तिला अंदाजपत्रक वाचायला शिकवायच्या भानगडीत कोण पडणार?

आयुक्तांना काही गोष्टी साध्या परिपत्रकाने करता येतील. स्थळपाहणीच्या टिपणात हजर असलेल्यांची नावे लिहावीत. कामात बदल झाला तर तो कोणाच्या सूचनेवरून, हे नोंदवावे आणि नगरसेविकेची लेखी संमती आल्याशिवाय तो अमलात आणू नये. क्षेत्रीय कार्यालयातल्या बैठकीत नातेवाइकांना खुर्ची देऊ नये. संकेतस्थळावर तिचा स्वतःचा क्रमांक असावा. आणि प्रशिक्षण द्यायचेच तर अंदाजपत्रकाच्या चर्चेआधी महिनाभर, तिच्याच प्रभागाच्या तरतुदी समोर ठेवून द्यावे; निवडून आल्या आल्या सभागृहात भाषणे ऐकवून यातले काही हाती लागत नाही.

एक वाचक, पुणे