शिक्षा कृतीला की नेमाला?

महोदय,

एखाद्या टेनिसपटूने रॅकेट आपटली की क्रीडा पानावर त्याचं छायाचित्र हमखास येतं. पंचांनी त्या आपटण्याचा काय अर्थ लावला, यावर मात्र चार ओळीही नसतात. माझी तक्रार नेमकी त्याबद्दल आहे.

नियम दिसायला सोपा. पहिल्या आगळिकीला ताकीद, दुसरीला प्रतिस्पर्ध्याला एक गुण, तिसरीला अख्खा गेम. प्रकरण फारच गंभीर असेल तर या पायऱ्या सोडून थेट बाद. (मधल्या काळात गेमची पायरी नव्हती. १९९० च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत मॅकेन्रो बाद झाला तेव्हा ती काढून टाकल्याचं त्याच्या गावीही नव्हतं!) आता ‘फारच गंभीर’ म्हणजे काय? ते ठरवायचं रेफरी आणि सुपरवायझर या पंचांच्या वरच्या अधिकाऱ्यांनी. घोडं पेंड खातं ते इथेच.

जोकोविचचंच बघा. २०१६ च्या फ्रेंच स्पर्धेत बर्डिचविरुद्ध त्याने रागाने रॅकेट फेकली, ती उसळून मागच्या भिंतीकडे गेली आणि तिथला लाइनमन (रेषेवरचा पंच) कसाबसा बाजूला झाला. सामना पुढे चालू राहिला, जोकोविच तो जिंकला आणि नंतर स्पर्धाही. २०२० च्या अमेरिकन स्पर्धेत कारेनो बुस्टाविरुद्ध ५-६ असा मागे पडल्यावर त्याने न बघता मागे चेंडू टोलवला आणि तो लाइनवुमनच्या गळ्यावर बसला. आधीची एकही ताकीद नसताना तो थेट घरी! ‘हेतू नव्हता’ ही सबब चालली नाही, आणि चालू नयेच, कारण परिणामांची पर्वा न करता चेंडू मारणं हाच नियमाने गुन्हा आहे. पण मग २०१६ ची रॅकेट काय पर्वा करून फेकली होती? निष्काळजीपणा दोन्हीकडे होता. फरक एवढाच की एकदा समोरचा माणूस चपळ निघाला.

याउलट मियू काटो. २०२३ मध्ये फ्रेंच स्पर्धेच्या महिला दुहेरीत तिने दोन गुणांच्या मधल्या वेळात चेंडू पलीकडे पाठवला, तो बॉलगर्लला लागला आणि ती रडू लागली. मुख्य पंचांनी आधी फक्त ताकीद दिली. प्रतिस्पर्धी जोडीने हरकत घेतली, वरचे अधिकारी आले आणि काटो व तिची जोडीदार सुत्जियादी बाद झाल्या. रागाचा लवलेश नसलेल्या त्या फटक्याला जोकोविचइतकीच शिक्षा! (त्याच स्पर्धेत काटो मिश्र दुहेरी जिंकली, हे बरं झालं.) मला वाटतं, शिक्षा फटक्याकडे बघून द्यावी, रडण्याकडे बघून नव्हे. लागलं नाही म्हणून सोडू नये आणि लागलं म्हणून सुळावर चढवू नये.

सेरेनाच्या २०१८ च्या अमेरिकन स्पर्धेतल्या अंतिम सामन्यावर भरपूर वाद झाला आहे, म्हणून त्यातली एकच गोष्ट सांगतो. पंच कार्लोस रामोस यांनी दिलेली पहिली ताकीद प्रशिक्षकाने गॅलरीतून केलेल्या खुणांसाठी होती. पुढे रॅकेट मोडल्याबद्दल गुण आणि पंचांना ‘चोर’ म्हटल्याबद्दल गेम गेला. पुस्तकाप्रमाणे रामोस बरोबर होते. पण कित्येक पंच अशा वेळी आधी खासगीत ‘जरा सांभाळा’ म्हणतात. ही सवलत पुस्तकात नाही, पंचांच्या स्वभावात आहे. आणि २०२५ पासून गॅलरीतलं मार्गदर्शन नियमानेच चालतं, त्यामुळे शिडीची ती पहिली पायरी आज उरलीच नसती.

माझी मागणी साधी आहे. बाद करण्याआधी रेफरींनी चित्रफीत पाहावी आणि कारण लेखी, सर्वांसाठी प्रसिद्ध करावं. २०२४ मध्ये दुबईच्या उपांत्य सामन्यात रुब्लेव्ह लाइनमनवर ओरडला. त्याने रशियन भाषेत शिवी दिली, असं एका अधिकाऱ्याने सांगितलं. चित्रफीत न पाहताच त्याला बाद केलं गेलं. पुढे अपिलात त्याचे क्रमवारीचे गुण आणि बक्षिसाची रक्कम परत मिळाली. तोवर त्याचा प्रतिस्पर्धी बुब्लिक अंतिम सामना खेळून मोकळाही झाला होता.

आपला,
एक टेनिसप्रेमी वाचक, पुणे