फोटोवरून दगडाचं नाव सांगू नका, आधी त्याचं पाण्यातलं वजन विचारा

मा. संपादक,

आपल्या पुरवणीत छंदांच्या पानावर दगड कापणं, घासणं, पॉलिश करणं यावर लेख आला हे बघून खरंच बरं वाटलं, कारण हा छंद असलेली माणसं मुळात कमी आणि जी आहेत ती मशीनच्या आवाजावरून घरच्यांची बोलणी खात हे उद्योग करत असतात. पण लेखाच्या शेवटी जे आवाहन आहे ना, की अनोळखी दगडाचा फोटो पाठवा, आम्ही ओळखून सांगू, त्याबद्दल लिहायचंय. फोटोवरून दगड ओळखता येत नाही. म्हणजे काही येतात, मॅलाकाइटचे हिरवे पट्टे किंवा लॅब्राडोराइटची निळी झाक सहसा कुणी चुकत नाही, पण बाकीच्यांच्या बाबतीत तो निव्वळ अंदाज असतो, आणि तोच अंदाज छापून आला की पक्का होतो, मग ते नाव डबीवर चिकटतं, डबी दुसऱ्याकडे जाते, आणि तिसरा माणूस त्याच नावाने तो दगड पुढे देतो. मोबाइलच्या अॅपचंही तेच, तेसुद्धा फोटोच बघतंय.

सगळा घोळ रंगामुळे होतो. हिरवा दगड घ्या. तो नेफ्राइट असेल, जेडाइट असेल, सर्पेंटाइन असेल, अॅव्हेंच्युरिन असेल, रंग मुरवलेलं क्वार्टझाइट असेल, नाहीतर चक्क बाटलीची काच असेल, आणि पॉलिश करून फोटो काढला की सगळे एकाच घरातले दिसतात. जेड म्हणून माणसं हजारो वर्षं जे कोरत आली ती मुळात दोन वेगळी खनिजं आहेत, नेफ्राइट आणि जेडाइट, हे १८६३ मध्ये दामूर नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने रासायनिक तपासणी करून दाखवलं, तोपर्यंत हातात घेऊन कोरणाऱ्यांनाही ते नीट वेगळं करता आलं नव्हतं, तर फोटो बघणाऱ्याला कुठून येणार? ब्रिटिश राजमुकुटातला तो प्रसिद्ध लाल खडा, ब्लॅक प्रिन्सेस रुबी, नावात माणिक असलं तरी माणिक नाहीच, स्पिनेल नावाचं वेगळंच खनिज आहे.

मला खरं म्हणायचंय ते असं की आपल्या छंदात दगड ओळखायचं सगळ्यात चांगलं साधन आपल्या समोरच असतं, ते म्हणजे कापायचं मशीन. लोक आधी दगडाचं नाव शोधतात आणि मग कापायला बसतात, पण कापतानाच अर्ध्याहून जास्त उत्तर मिळत असतं, फक्त लक्ष पाहिजे. अकीक किंवा कुठलंही क्वार्टझ (म्हणजे गारगोटी) असेल तर डायमंड ब्लेड सावकाश जातं आणि आवाज कडक येतो, कॅल्साइट किंवा संगमरवर असेल तर ब्लेड कधी आत गेलं कळतही नाही. कडेचे टवके बघा, क्वार्टझ आणि काच यांचे टवके शिंपल्यासारखे वाकडे निघतात, फेल्डस्पारचे सपाट पायऱ्या-पायऱ्यांचे निघतात आणि दिव्याखाली फिरवले की सगळ्या पायऱ्या एकदम चमकतात. फ्लोराइट तर चार दिशांनी फुटायला टपलेलंच असतं, ब्लेडला जरा जोर दिला की गेलं. ब्लेडखालून येणाऱ्या पाण्याचा रंग तर कुणी बघतच नाही! काळाकुळकुळीत चमकदार दगड आणि खाली पाणी लालभडक, म्हणजे हेमाटाइट. पिवळट तपकिरी गाळ आला तर गोथाइटचा विचार करायचा. बाथरूमच्या टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर दगड घासून जी रेघ बघतात ना, पुस्तकात त्याला कस म्हणतात, तीच टेस्ट मशीन फुकटात करून देतंय.

पॉलिशला बसल्यावर आणखी गोष्टी उघड होतात. लाजवर्द हा निळा दगड घासलात तर त्यातलं पांढरं कॅल्साइट खाली बसतं आणि सोनेरी पायराइटचे कण वर राहतात, कारण कडकपणाच्या मोहसच्या मापात कॅल्साइट ३, निळा भाग साधारण ५ ते साडेपाच आणि पायराइट ६ ते साडेसहा, मग एकाच चकतीवर तिघं सारखे कसे झिजणार. बोट फिरवलं तरी चढउतार लागतो. उलट रंगवलेला पांढरा दगड पिरोजा म्हणून आलेला असेल तर कापल्यावर आत पांढराच निघतो, निळा रंग वरच्या सालीत आणि चिरांमध्ये तेवढा दिसतो. नेफ्राइट किंवा जेडाइटला पॉलिश करताना पृष्ठभाग बारीक खड्ड्याखड्ड्यांचा होतो, तो खास त्रास सोसलेल्याला लगेच कळतो की आपण तंतू किंवा कण एकमेकांत गुंतलेल्या दगडाशी भांडतोय. हे फोटोत कसं येणार सांगा.

ओरखड्याची टेस्ट सगळ्यांना माहिती असते पण करतात अर्धवट. मोहसने १८१२ मध्ये कडकपणाच्या दहा पायऱ्या मांडल्या, टाल्क १ आणि हिरा १०, पण त्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, ९ वरचं कोरंडम आणि १० वरचा हिरा यांच्यातलं अंतर खालच्या कुठल्याही दोन पायऱ्यांपेक्षा कितीतरी मोठं आहे. घरात स्टीलची सुई साधारण साडेपाच, काच तेवढीच, आणि ओळखीचा क्वार्टझचा तुकडा ७, एवढ्यावर भागतं. सुईने रेघ ओढली आणि चकचकीत रेघ दिसली की लोक म्हणतात मऊ आहे, पण थांबा, ओल्या बोटाने पुसून बघा, पुसली गेली तर ती सुईचंच स्टील दगडावर घासलं गेलंय, म्हणजे दगड सुईपेक्षा कडक. पुसली नाही आणि नखाला खाच लागली तर मऊ. आणि हे ताज्या कापलेल्या बाजूवर करायचं, बाहेरची ऊन-पाणी खाल्लेली साल बऱ्याचदा मऊ असते आणि ती काहीही सांगते.

आता खरी आवडती टेस्ट. पाण्यातलं वजन. याला लागतो एक छोटा डिजिटल काटा, पेलाभर पाणी आणि दोरा. आधी कोरड्या दगडाचं वजन घ्या, समजा ५३ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा, आणि दोऱ्याला बांधलेला दगड पाण्यात पूर्ण बुडवून अधांतरी धरा, तळाला टेकला तर सगळं वजनच येईल, भिंतीला लागला तरी गडबड. आता काटा जो आकडा दाखवेल तो दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचा. ५३ ला त्या आकड्याने भागायचं, झालं, दगड तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या किती पट जड ते कळलं. आकडा २० आला तर २.६५, म्हणजे क्वार्टझच्या घरातलं काहीतरी. १८ आला तर २.९४, नेफ्राइट असू शकतं. १६ आला तर ३.३१, जेडाइटकडे बोट. २१ आला तर अडीचच्या आसपास, म्हणजे सर्पेंटाइन किंवा काच. एकाच वजनाचा, एकाच हिरव्या रंगाचा दगड, आणि दोन-चार ग्रॅमच्या फरकात नाव बदलतंय! पाण्यात साबणाचा एक थेंब टाका म्हणजे दगडाला बुडबुडे चिकटत नाहीत, नाहीतर दगड आहे त्यापेक्षा हलका दिसतो. दगड भोकाभोकाचा असेल किंवा दोन-तीन खनिजांची खिचडी असेल तर ही टेस्ट फसवते. दगड छोटा असेल तर साधा काटा चालणार नाही, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा लागतो. आणि एकट्या या आकड्यावरही जाऊ नका, क्वार्टझ २.६५ आणि कॅल्साइट २.७१ हे इतके जवळ आहेत की सुई लावल्याशिवाय फैसला होत नाही.

अॅसिडचं थोडक्यात सांगतो. कापून उरलेल्या तुकड्यावर व्हिनेगरचा थेंब, कॅल्साइट असेल तर बारीक बुडबुडे येतात, डोलोमाइट असेल तर बहुतेक वेळा भुगा केल्याशिवाय काही होत नाही. पॉलिश केलेल्या बाजूवर मात्र हा प्रयोग करू नका, चमक गेली की परत पहिल्यापासून.

प्रकाश आरपार जाणारा दगड असेल तर लॅपटॉपचा एलसीडी स्क्रीन पांढरा करून ठेवा आणि पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर फिरवत स्क्रीन काळा होईल तिथे थांबवा. मधे दगड धरून गोल फिरवा. काच, गार्नेट, स्पिनेल काळेच राहतात, क्वार्टझ एका फेरीत चार वेळा उजळतं आणि चार वेळा विझतं, अकीक आणि जेड कसेही फिरवा, उजळलेलेच राहतात कारण ते असंख्य बारीक कणांचे असतात. एखाद्या दिशेतून बघितलं तर क्वार्टझही काळं राहतं, म्हणून दोन-तीन बाजूंनी बघायचं.

यावरून टाफचा किस्सा आठवतोच. १९४५ साली डब्लिनमध्ये रिचर्ड टाफ या रत्नपारख्याने जुन्या पैलू पाडलेल्या खड्यांचा एक लॉट घेतला होता, त्यात फिकट जांभळट रंगाचा, दीड कॅरेटही नसलेला एक खडा स्पिनेल म्हणून होता. वजन, चमक सगळं स्पिनेलच्या जवळपास, पण मोठं करून बघताना त्याला मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसल्या. स्पिनेलमध्ये प्रकाशाचे दोन भाग होतच नाहीत, मग कडा डबल कशा? त्याने तो खडा लंडनच्या प्रयोगशाळेत पाठवला आणि १९५१ पर्यंत नक्की झालं की हे नवंच खनिज आहे, त्याला नाव दिलं टाफाइट. कापून, पैलू पाडून झाल्यावर पहिल्यांदा ओळखलं गेलेलं हे पहिलंच खनिज. खडा ज्यांच्या ज्यांच्या हातातून गेला त्यांच्यासाठी तो स्पिनेलच होता, कारण रंगाने नाव ठरलं होतं आणि कुणी पुढे बघितलं नव्हतं.

आपल्या लेखात एक गोष्ट अजिबातच नव्हती आणि तिची मला जास्त काळजी वाटते, ती म्हणजे धूळ. दगड अनोळखी आहे म्हणजे त्याची धूळही अनोळखी आहे ना? क्वार्टझच्या बारीक धुळीने सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये ही धूळ माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेली आहे, आणि क्वार्टझ हा तर आपल्या छंदातला सगळ्यात सज्जन दगड. सर्पेंटाइनमध्ये रेशमासारख्या तंतूंची शीर दिसली तर मशीन बंद करा, ते अॅस्बेस्टॉस असू शकतं. लालभडक जड हिंगूळ म्हणजे पारा, केशरी मनशीळ आणि पिवळी हरताळ म्हणजे आर्सेनिक, हे मऊ आणि भडक रंगाचे दगड घासायचेच नाहीत, कितीही सुंदर दिसले तरी. बाकी कुठलाही दगड सतत पाणी सोडूनच कापायचा, चांगला मास्क लावायचा, आणि खालचा गाळ वाळू द्यायचा नाही, कारण वाळला की तीच धूळ परत हवेत. ओला असतानाच पिशवीत भरून टाका, बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो तो वेगळा ताप.

अजून दोन बारीक गोष्टी, ज्या माहीत नसल्या की दगड हातचा जातो. अनोळखी दगड पहिल्यांदाच तेलाच्या मशीनवर, म्हणजे पाण्याऐवजी तेल सोडून कापणाऱ्या मशीनवर, घालू नका, पिरोजा, ओपलसारखे दगड तेल पितात आणि कायमचे डागाळतात. आणि घासताना धरायला दगड काडीला गरम लाखेने चिकटवायची घाई नको, ओपल किंवा काचेसारख्या दगडाला उष्णतेने तडा जातो, नाव कळेपर्यंत थंड गोंदावर भागवा.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी वाचकांकडून नुसता फोटो मागवू नका. कोरडं वजन, पाण्यातला आकडा, सुईने ओरखडा पडला की नाही, टाइलवरच्या रेघेचा रंग, व्हिनेगरने बुडबुडे आले का, मॅग्नेट चिकटला का, आणि ताज्या कापलेल्या बाजूचा फोटो ओला आणि कोरडा असा दोन्ही, एवढं मागवा. पत्रं कमी येतील, पण जी येतील त्यांना तुमच्या तज्ज्ञांना खरं काहीतरी सांगता येईल. आणि एवढं करूनही जिथे नाव ठरत नसेल तिथे सरळ "अनोळखी" असं छापा आणि खाली हे आकडे द्या, वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे तसाच दगड असला तर तो पडताळून बघेल.

आपला,
दगड घासणारा एक वाचक