जुना डॉलर घासू नये

संपादक महोदय,

इंदूरच्या सराफ्यातील एका दुकानात आजोबांचा १८८१ सालचा मॉर्गन डॉलर (अमेरिकेचे जुने चांदीचे नाणे) दाखवला असता, दुकानदाराने तो तोलला आणि मी नको म्हणेपर्यंत पावडरीने घासलाही. मूळ वजन २६.७३ ग्रॅम आणि नव्वद टक्के चांदी, यावरून फक्त धातूची किंमत निघते. नाण्याची प्रत मात्र स्वातंत्र्यदेवतेच्या कानावरचे केस आणि गरुडाच्या छातीवरची पिसे कितपत झिजली आहेत यावर ठरते, कारण उंच भाग आधी झिजतात. टांकसाळीच्या पिशवीत नाणी एकमेकांवर आपटून पडलेले ओरखडे वेगळे; ती झीज नव्हे. घासल्याने मूळ झळाळी जाते, आणि आमच्या नाण्यावर आता भिंगाखाली बारीक समांतर रेघा दिसतात. काळसर थर तसाच राहू द्यावा, ही सराफांना विनंती.

— एक वाचक, इंदूर