पुढच्या अपक्षाला एवढं सांगा: सिनेटर बर्नी सँडर्स यांना खुले पत्र

आदरणीय सिनेटर सँडर्स यांस,
सप्रेम नमस्कार.

१९ एप्रिल २०१६ रोजी, न्यूयॉर्कच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीच्या (पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाच्या) दिवशी, मी क्वीन्समधल्या मतदान केंद्रावर तुम्हाला मत द्यायला गेले होते. टेबलामागच्या बाईंनी जाडजूड यादीवरून बोट फिरवत माझं आडनाव दोनदा शोधलं. नव्हतंच; न्यूयॉर्कच्या प्रायमरीत त्या पक्षात नोंद असलेल्यांनाच मत देता येतं. नागरिकत्व मिळाल्यावर मतदार नोंदणीचा अर्ज भरताना ‘कोणत्याही पक्षात नोंद नको’ या चौकोनात मी खूण केली होती. आपण कुणाचे बांधील नाही, याचा तेव्हा अभिमान वाटला होता. पक्षनोंद बदलायची मुदत ९ ऑक्टोबर २०१५ लाच संपलेली. तुमची हिलरी क्लिंटन यांच्याशी पहिली जाहीर चर्चा झाली १३ ऑक्टोबरला!

तरीही, स्वतः अपक्ष सिनेटर असून तुम्ही डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागितलीत ते योग्यच केलंत, असं मी आजही ठामपणे म्हणते.

२०२५च्या दौऱ्यात तुम्ही लोकांना अपक्ष म्हणून उभं राहायला सांगू लागलात. शहर, राज्य, सिनेट इथवर ते पटतं. १९८१मध्ये बर्लिंग्टनचं महापौरपद तुम्ही अवघ्या १० मतांनी जिंकलंत. राष्ट्राध्यक्षपदाचं गणित निराळं आहे. १९९२मध्ये अपक्ष रॉस पेरो यांना जवळपास १९ टक्के मतं पडली आणि इलेक्टोरल मत (राज्याराज्यांतून मिळणारं, ज्यावर राष्ट्राध्यक्ष ठरतो ते) एकही नाही. २०००मध्ये फ्लोरिडात तिसऱ्या, ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मतं मिळाली आणि रिपब्लिकन बुश तिथे डेमोक्रॅट गोर यांच्यापेक्षा अवघ्या ५३७ मतांनी पुढे राहून जिंकले. समजा कुणालाच बहुमताची २७० इलेक्टोरल मतं गाठता आली नाहीत, तर निवड प्रतिनिधिगृहात जाते, एका राज्याला एक मत. तिथे अपक्षाचं कोण आहे?

२०१६मध्ये पक्षात शिरून तुम्ही प्रायमरीच्या लढतीत २२ राज्यं जिंकलीत. हरलात, पण १५ डॉलर किमान वेतन पक्षाच्या जाहीरनाम्यात आलं आणि २०१८मध्ये सुपरडेलिगेट्सचा (उमेदवार निवडताना मतदारांच्या कौलाला बांधील नसलेल्या पक्षनेत्यांचा) अधिवेशनातल्या पहिल्या फेरीतला मताधिकार गेला. बाहेर उभं राहून यातलं काय झालं असतं?

एक गोष्ट मात्र मनाला लागते. वर्षानुवर्षं सतरंज्या उचलणारे कार्यकर्ते विचारतात, ‘हे निवडणुकीपुरतेच आमचे का?’ त्यांचं चुकत नाही. २०१६ नंतर तुम्ही पुन्हा अपक्ष झालात, तेव्हा मलाही वाईट वाटलं होतं.

म्हणून २०२८साठी जो कुणी अपक्ष तुमचा सल्ला घ्यायला येईल, त्याला सांगा: पक्षात ये, लवकर ये आणि हरलास तरी राहा. आणि पहिल्या सभेपासून देणगीच्या टेबलाशेजारी नोंदणीचे अर्ज ठेव. न्यूयॉर्कची पक्षनोंद बदलायची मुदत आता फेब्रुवारीपर्यंत आली आहे. तरी प्रायमरीच्या आठवड्यात जागं होणाऱ्याला ती उपयोगाची नाही.

माझ्या मुलीने नुकताच तिचा पहिला अर्ज भरला. त्याच चौकोनापाशी तिचं पेन थांबलं, तेव्हा मी तिला त्या जाड यादीची गोष्ट सांगितली.

आपली,
क्वीन्समधली एक मतदार