गरोदर बाई स्कूटरवरून पडली तर

संपादक महोदय,

पावसात गोव्यातल्या रस्त्यांवर स्कूटर घसरणे नित्याचेच. पडलेली बाई 20 आठवड्यांपुढची गरोदर असेल तर तिला सपाट उताणी ठेवू नये. गर्भाशयाच्या भाराने मोठी शीर दबते, रक्तदाब कोसळतो. मानेला-पाठीला मार असल्यास अंग न पिळता, तिला ज्या कडक फळीवर ठेवले ती अख्खी फळीच डावीकडे 15 ते 30 अंश कलवावी. फळीच्या उजव्या कडेखाली चादरीची जाड घडी पुरते. 108 ला गरोदरपण आधी सांगावे.

‘काही लागलं नाही’ म्हणत घरी नेणे, ही खरी चूक. वार (गर्भाशयात बाळाला पोसणारा अवयव) गर्भाशयापासून सुटली तरी रक्त आतच साचू शकते, आणि नाडी-दाब बराच वेळ फसवतात. बाळाचे ठोके किमान 4 तास यंत्रावर पाहावेत. रक्तगट निगेटिव्ह असल्यास अँटी-डी इंजेक्शन (बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या अंगात प्रतिपिंडे बनू न देणारे) 72 तासांत.

— आपत्कालीन विभागातील परिचारिका, फोंडा